चिकट डाग काढण्याआधी खालचा रंग ओळखा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

चिकटपट्टी, स्टिकर किंवा भिंतीवरचा हूक काढल्यावर मागे राहणारा चिकट थर कसा घालवावा, याचे घरगुती उपाय वर्तमानपत्रांच्या चौकटींत आणि मोबाइलवर सतत वाचायला मिळतात. कुणी खाद्यतेल लावायला सांगतो, कुणी नेलपॉलिश रिमूव्हर, कुणी थेट थिनर. काचेवर किंवा स्टीलच्या डब्यावर यातले काहीही चालते. रंगवलेल्या पृष्ठभागावर मात्र हेच उपाय चिकट थरासोबत रंगही उतरवतात, नाहीतर जुन्या डागाच्या जागी न निघणारा नवा डाग पाडतात. खाली रंग कोणता आहे, एवढेच या सल्ल्यांत सांगितलेले नसते. रंगकामाच्या व्यवसायातले आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमची विनंती अशी की असा सल्ला छापताना तो कोणत्या रंगासाठी आहे, हे त्याच ओळीत छापावे.

रंग ओळखणे अवघड नाही. दाराआड किंवा कपाटामागे ओले पांढरे फडके हलकेच फिरवा. फडक्याला रंगाची भुकटी लागली तर ते डिस्टेंपर किंवा चुन्याचा रंग. भुकटी लागली नाही तर कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन तो अर्धा मिनिट त्याच कोपऱ्यात टेकवून धरा. रंग मऊ, चिकट झाला आणि बोळ्यावर उतरला तर ते प्लास्टिक किंवा ॲक्रिलिक इमल्शन. काहीच झाले नाही तर बहुधा ऑइल पेंट. फर्निचरवर फवाऱ्याने मारलेला लॅकर ही वेगळी जात आहे. थिनरच्या एका थेंबाने तो लगेच विरघळतो, म्हणून फवाऱ्याचे काम असेल तर थिनर जवळही आणू नये. फ्रिज, लोखंडी कपाटे आणि गाड्या यांचे रंग बहुतेक भट्टीत भाजलेले किंवा हार्डनर घालून मारलेले असतात. ते सगळ्यांत टणक.

रंगाची जात इतकी महत्त्वाची का, हे चिकटपट्टी कशाने चिकटते यावरून कळते. तिचा डिंक साधारण दोन प्रकारचा असतो: रबर आणि राळ मिसळून केलेला, नाहीतर ॲक्रिलिक. रबराचा डिंक तेल, रॉकेल, टर्पेंटाइन यांनी फुगतो आणि सुटतो. ॲक्रिलिक डिंक त्यांना फारशी दाद देत नाही. तो विरघळतो ॲसिटोनमध्ये, म्हणजे अनेक नेलपॉलिश रिमूव्हरांत जे असते त्यात, किंवा थिनरमध्ये. आता इमल्शनचा रंग भिंतीवर धरून ठेवणारा पदार्थही ॲक्रिलिकच्याच कुळातला. जे औषध डिंक विरघळवते तेच रंगही विरघळवते आणि रंगाचा थर पातळ असल्याने पुष्कळदा तोच आधी जातो. स्पिरिटचेही तेच. इमल्शनवर स्पिरिट, ॲसिटोन आणि थिनर तिन्ही वर्ज्य आहेत, कुणीही कितीही खात्रीने सांगितले तरी.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. बोटाला कोरडा लागणारा रंग आतून तयार झालेला नसतो. इमल्शन आणि ऑइल पेंट दोन्ही पूर्ण कडक व्हायला तीन ते चार आठवडे घेतात, दमट हवेत त्याहून जास्त. तेवढ्या काळात त्यावर काही चिकटवू नये आणि चिकटवलेच तर काढताना कोणताही द्रव वापरू नये.

बरेचसे नुकसान डिंक पुसताना होत नाही, ते पट्टी ओढतानाच होते. पट्टी भिंतीपासून सरळ बाहेर ओढली की सगळा ताण रंगावर येतो आणि खालच्या लांबीसकट (पुट्टीसकट) पोपडा निघतो. पट्टीचे टोक नखाने सोडवा, ते उलटे दुमडून भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू मागे न्या. झटका दिला की डिंक ताठ होतो आणि जास्त जोराने धरतो. संथ ओढले की त्याला ताणून सुटायला अवधी मिळतो. ओढून काढायच्या हुकांच्या मागे जी लवचीक पट्टी असते, तिची जीभ भिंतीलगत सरळ खाली खेचायची असते, स्वतःकडे कधीच नाही. ती तुटली, किंवा मागे फोमची दुहेरी पट्टी असली, तर दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीची बारीक दोरी फोममधून करवतीसारखी पुढे-मागे चालवा. फोम मधोमध कापला जातो आणि भिंतीवर फक्त पातळ थर उरतो.

त्या उरलेल्या थरावर पहिला हात कोरडाच फिरवावा. बोटाच्या टोकाने डिंक एका दिशेने लोळवत न्या, त्याच्या बारीक वळकट्या होऊन सुटतात. डिंकाला भिंतीपेक्षा डिंक जास्त जवळचा, म्हणून त्याच पट्टीचा ताजा तुकडा थरावर दाबून हलकेच उचलला तरी पुष्कळ माल त्याला लागून येतो. पांढरा खोडरबरही चालतो, रंगीत नको. थर जाड असेल तर जुने प्लास्टिकचे कार्ड भिंतीशी साधारण 30 अंशांत धरून सरकवा. ब्लेड आणि पत्र्याची पट्टी यांना रंगवलेल्या भिंतीवर काम नाही. पांढरा मेलामाइन स्पंजही ‘जादू’ म्हणून विकला जात असला तरी प्रत्यक्षात तो अतिबारीक पॉलिश पेपर आहे.

थर सुटत नसेल तर ऊब द्या. हेअर ड्रायर मध्यम आचेवर, भिंतीपासून 15 ते 20 सेंटीमीटर लांब, सतत हलता ठेवून 20 ते 30 सेकंद पुरतात. माप असे: जागा हाताला चांगली कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. जास्त तापवले की डिंक पातळ होतो, पट्टीसोबत येण्याऐवजी मधूनच फाटतो आणि अर्धा भिंतीवर राहतो. त्याही पुढे गेले तर इमल्शन मऊ होऊन फुगा धरते. रंग जाळून काढायची हीट गन सहज 300 अंशांच्या पुढे जाते, तिला या कामात हात लावू नये. जुनी, पिवळी पडलेली सेलोटेप उबेला दाद देत नाही, कारण तिच्या डिंकाचा हवेने आणि उन्हाने कडक पापुद्रा झालेला असतो. तो ठिसूळ असतो, म्हणून थंडच असताना प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून निघतो.

आता तेलाबद्दल, कारण सर्वांत जास्त भिंती याच उपायाने खराब होतात. मॅट इमल्शनचा थर सच्छिद्र असतो. तेल डिंक सोडवते हे खरे, पण त्याच वेळी आत मुरते. चिकटपणा जातो, जागेवर काळसर तेलकट चट्टा राहतो. साबणाने वरचे तेल निघते, आतले नाही. पुढे त्यावर नवा हात मारला तर रंग त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. तेल चुकून लागलेच असेल तर ताबडतोब टॅल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड थापून रात्रभर ठेवा. ती थोडे तेल ओढून घेते, सगळे मात्र नाही.

मॅट इमल्शनवर क्रम असा ठेवावा: कोरडे लोळवणे, मग ऊब, मग कोमट पाणी. कपभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ पांढरे फडके पिळून जवळजवळ कोरडे केलेले, आणि घासायचे नाही, टेकवायचे. मॅट रंग घासला की त्या जागी चकाकी येते आणि ती प्रकाशात तिरपे पाहिल्यावर कायम दिसते. एवढ्याने भागले नाही तरच मिनरल टर्पेंटाइन, तेही आधी आडोशाला एक-दोन मिनिटे टेकवून पाहिल्यावर. बोळा फक्त ओलसर हवा, ओथंबलेला नको. तो अर्धा मिनिट टेकवा, उचला, कोरड्या फडक्याने सैल झालेला डिंक टिपा, फडक्याची बाजू बदला, पुन्हा टेकवा. बाजू बदलली नाही तर विरघळलेला डिंक दुप्पट जागेवर पसरतो, डाग वाढला अशी जी तक्रार असते तिचे कारण बहुधा हेच. टर्पेंटाइन तेलासारखे आत बसून राहत नाही, काही तासांत उडून जाते. ते पूर्ण उडाल्यावरच साबणाचे पाणी फिरवा. भिंतीवर ॲक्रिलिक डिंक असेल तर टर्पेंटाइनने तो फक्त थोडा सैल होतो, बाकीचे काम ऊब आणि बोटानेच करावे लागते. त्याला वेळ लागतो. घाई करून थिनर आणण्यापेक्षा तो वेळ द्यावा.

डिस्टेंपरवर काहीही ओले चालत नाही. तिथे खोडरबर, ताज्या पट्टीचा तुकडा आणि फार तर ऊब, बस. पट्टीसोबत डिस्टेंपरची भुकटी येणारच, ती रंगाचीच मर्यादा आहे. खळीने चिकटवलेल्या कागदाची गोष्ट उलटी. खळ पाण्याने फुगते, तेलाला आणि टर्पेंटाइनला ती मोजत नाही. इमल्शन किंवा ऑइल पेंटवर खळीचा कागद असेल तर कोमट ओले फडके 10 ते 15 मिनिटे दाबून ठेवले की कागद आणि खळ एकत्र सरकतात.

पूर्ण वाळलेला ऑइल पेंट, फ्रिजचा पत्रा, पावडर कोटिंगचे कपाट इथे मात्र तेलाचा उपाय चांगला आहे. कडक थरात तेल मुरत नाही. खाद्यतेलाचा पातळ हात लावून 10 मिनिटे थांबा, प्लास्टिकच्या कार्डाने थर ढकला, साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा. दुसऱ्या धुण्याचा कंटाळा केला तर राहिलेला तेलकटपणा धूळ पकडतो. ऑइल पेंट जुना आणि खडूसारखा झाला असेल तर तो मॅट भिंतीसारखाच हाताळावा. गाडीवरचा डाग सावलीत, बॉनेट थंड असतानाच काढावा, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रव काम करण्याआधीच वाळतो. नंतर त्या जागेला वॅक्स लावावे, कारण टर्पेंटाइन वापरले असेल तर ते जुने वॅक्सही घेऊन जाते. गाडी कधी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेली असेल तर आधी झाकल्या जागी तपासल्याशिवाय काही लावू नये, तो रंग लॅकर असू शकतो.

डिंक पूर्ण निघाल्यावरही पट्टीच्या आकाराची खूण दिसते तेव्हा हाताने तपासा. चिकट लागत नसेल तर तो डिंक नव्हे. एक तर आजूबाजूचा रंग उन्हाने उडालेला आहे आणि पट्टीखालचा मूळ रंग टिकून आहे, नाहीतर डिंकातले तेलकट घटक रंगात उतरलेले आहेत. दोन्हींना घासून काही होत नाही. भिंत रंगवायचीच असेल तर डिंकाच्या थरावर थेट इमल्शन मारू नका, ते फाटते किंवा पिवळा डाग आठवड्याभरात वर येतो. थर काढा, जागा धुऊन वाळवा, त्यावर लाखेवर आधारित किंवा ऑइल अस्तराचा एक हात द्या, आणि मगच रंग. हा रंगही ठिगळासारखा न मारता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला मारावा, कारण मॅट रंगाचे ठिगळ त्याच डब्यातले असले तरी वेगळे दिसते. फार जुन्या घरांतल्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, तिथे पॉलिश पेपर कोरडा न चालवता पाण्यात भिजवून चालवावा.

टर्पेंटाइन किंवा रॉकेल वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती, देव्हाऱ्यातला दिवा आधी विझवा. पेट्रोल कधीच नको, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. विजेच्या बटणांजवळ काम असेल तर मेन स्विच बंद करा आणि द्रव भिंतीवर न ओतता बोळ्यावरच घ्या. वापरलेली फडकी चुरगळून बादलीत टाकू नका. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळली की मगच कचऱ्यात जाऊ द्या.

आपले,
रंगकाम व्यवसायातील काही वाचक