सुध्या, तू भित्रा नव्हतास

परभणी,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

दोन दिवाळ्या गेल्या, तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. मनाला लागून आहे. माझं पित्त तसंच, आईचा गुडघा तसाच. आज बसलो ते बंड्याच्या लेकरामुळं.

गुरुवारी चिऊला 3 वर्षं झाली. बंड्यानं जोकर बोलावला. पांढराफटक चेहरा, कानापर्यंत लाल ओठ, हातात फुगे. लेकरू असं बुजलं की आईच्या मांडीला मिठी मारून थरथर कापायला लागलं. वर सगळे म्हणायलेत, "अगं, हसतोय बघ तो, दे हात!" माईनं तर उचलून पुढं केलं. मला माळेगावची यात्रा आठवली. सर्कशीचा तंबू, आणि तुझं मनगट धरून ओढणारा मी. जालन्याला भांडलो तेव्हा तू ते काढलंस आणि मी म्हणालो, "25 वर्षांपूर्वीचं काय धरून बसलास?" त्याचं उत्तर आज देतो.

इतकी वर्षं लोकांची तोंडं रंगवतोय, मला तरी कळायला पाहिजे होतं. पांढरा रंग जाड बसला की गालाची हालचाल, कपाळाच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या सगळं गडप होतं. खरं हसू त्या सुरकुत्यांतच कळतं. ओठांवर रंगवलेलं हसू मात्र माणूस चिडला, थकला, रडला तरी तसंच. लेकरू तोंड बघून माणूस ओळखतं. इथं तोंडच उत्तर देत नाही. पोतराजाला आपण सगळे भ्यायचो, पण त्याच्या हातात आसूड दिसायचा. जोकरच्या हातात फुगा, मग भिणाऱ्यालाच हसतात. तमाशातला सोंगाड्या कितीही वेडेवाकडे चाळे करो, चेहरा उघडा, बोली आपली. त्याला बघून कुठलं पोर रडलं?

वेल्समधल्या एका विद्यापीठानं 64 देशांतल्या 987 मोठ्या माणसांना विचारलं. निम्म्याहून जास्त जण जोकरला थोडेफार तरी भीत होते. मोठी माणसं, सुध्या! भिणाऱ्यांना कारणं विचारली तर सगळ्यांत वर हेच आलं, की रंगामागं त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. पुढच्या क्षणी काय करील याचा नेम नाही, सिनेमातले खुनी जोकर, हेही होतं. जोकरचा स्वतःला आलेला वाईट अनुभव मात्र सगळ्यांत खाली. म्हणजे मी ओढलं म्हणून तुला भीती बसली नाही. तू आधीच भ्याला होतास, म्हणून मागं सरत होतास, आणि तरी मी ओढलं. साप शेपटीला धरून बांधाबाहेर टाकणारा गडी तू, आणि तुला मी भित्रा म्हणालो.

चिऊचं वयही तसलंच. 1969 साली अमेरिकेत एका संशोधक बाईंनी मेनार्ड नावाच्या मांजराला कुत्र्याचा मुखवटा घातला. घालताना त्याचं तोंड आडोशाला, पण मागचा भाग मुलांच्या डोळ्यांसमोर. तरी 3 वर्षांच्या पुष्कळ पोरांना वाटलं, मांजराचा कुत्राच झाला. 6 वर्षांच्यांना कळलं की हा मुखवटा आहे. चिऊला "आत रामूकाकाच आहे" असं सांगून काय उपयोग?

बंड्या म्हणतो, भीती मोडायला परत जोकर आणू. मी कडाडून नाही म्हणालो. धरून ठेवलं की भीती मोडत नाही, उलट आपले म्हणवणारे ऐकत नाहीत एवढंच लेकरू शिकतं. सारखं लपवत राहिलं तरी ती जात नाही. मी त्याला सांगितलं ते असं: आधी नुसती रंगाची डबी तिच्या हातात दे. मग तिच्याच बोटानं आईच्या नाकाला लाल टिकली. मग बापानं अर्धा गाल रंगवायचा आणि तिच्यासमोरच खोबरेल तेलानं पुसायचा, खालून तोच बाप निघतो हे तिला दिसू दे. रोज 5-10 मिनिटं, आणि एक पायरी हसत झाल्याशिवाय दुसरी नाही. रडली तर लांब घेऊन शांत करायचं, रागवायचं नाही.

पुढच्या महिन्यात तिच्या बालवाडीचं गॅदरिंग आहे, त्यातल्या जोकरची रंगभूषा माझ्याकडं आहे. पूर्ण पांढरं तोंड करणार नाही. कातडीच्याच रंगाचा बेस, पांढरा फक्त डोळ्यांभोवती, पातळ. भुवया वर ताणायच्या नाहीत, वरचा ओठ कोराच, हलताना दिसला पाहिजे. फुगे बंद, एक फुटला की सगळं मुसळ केरात. जोकर 6-7 फुटांवर खाली बसेल, लेकराकडं टक लावून बघणार नाही, आली तर तीच जवळ येईल. स्पंजचं नाक सगळ्यांत शेवटी, पोरांसमोर लावायचं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची शाळा सुरू झाली का? पिंट्याला दहावीला शुभेच्छा.

गॅदरिंगला ये. नाक लावतो तेव्हा चिऊजवळ मला तू बसलेला हवा आहेस. ती उठून गेली तर तिच्यासोबत बाहेर जा, कुणी ओढायला आलं तर आडवा हो. माळेगावला तुझ्यासाठी असं कुणी नव्हतं. मला माफ कर.

तुझा,
दिगू