पायातलं कडं वाचा आणि कळवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर) आपण मायणी, येरळवाडीच्या पाणपक्ष्यांची छायाचित्रं छापता. सोबत एक चौकटही द्यावी, ही विनंती : पायात अभ्यासकांनी घातलेलं क्रमांकाचं कडं असलेला पक्षी दिसला तर काय करायचं?

कृष्णाकाठच्या एका मासेमाराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात मला ॲल्युमिनियमचं कडं दिसलं. जाळ्यात गुरफटून मेलेल्या पाणकावळ्याच्या पायातलं. आकडे निम्मे घासून गेलेले. त्या माणसाला दोष कसा द्यायचा? ते कुठे कळवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ साली साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना क्रमांकाची कडी घातली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून हे काम करते. युरोपात पाणकावळ्याच्या पिल्लांना घरट्यातच मोठ्या अक्षरांचं रंगीत कडं चढवतात. मग कुणाला तो पक्षी विणीच्या वसाहतीत दिसतो, कुणाला हिवाळ्यात भलत्याच देशातल्या तळ्यावर. नोंदी जोडल्या की पुन्हा न पकडता त्याची वाट कळते. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकदंब हंस महाराष्ट्रात ओळखले गेले, तेही निरीक्षकांनी पट्ट्यावरची अक्षरं टिपली म्हणूनच.

पाणकावळ्याचं कडं वाचायला मात्र चिकाटी लागते. पोहताना त्याचं अंगच निम्मं बुडालेलं, मग पाय कुठून दिसणार! पंख भिजतात म्हणून तो वठलेल्या बाभळीवर ते पसरून बसतो, तीच काय ती संधी. मोबाइल घेऊन कुणी पुढे सरकलं की उडालाच. तेव्हा दुर्बिणीने लांबूनच पाहावं. कडं कोणत्या पायात, कड्याचा आणि अक्षरांचा रंग, तारीख, ठिकाण लिहावं. अर्धीच अक्षरं दिसली तर अर्धीच लिहावीत. अंदाजाने भरलेलं एक अक्षर दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर प्रवास चढवतं. (आणि गाळ काढताना तलावातल्या वठलेल्या बाभळी कृपा करून तोडू नका.)

मेलेल्या पक्ष्याच्या कड्याचा स्पष्ट फोटो काढून सोसायटीला किंवा जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात कळवावं. जिवंत पक्ष्याचं कडं कधीही काढू नये. आपण चौकट छापलीत, तर तिचं कात्रण भिलवडीपासून ब्रह्मनाळपर्यंतच्या मासेमारांच्या हाती मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक वाचक, भिलवडी (जि. सांगली)