मित्रास पत्र: तुती उपटू नकोस

पुणे,
२० जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. तुती पानांनी नुसती माजलीय, फळ औषधालाही नाही, म्हणून ती उपटून तिथे लिंबू लावणार म्हणतोस. कुऱ्हाड ठेव खाली, आधी कात्री घे.

तुती फळते ती नव्या फुटीवर. छाटलीच नाही तर झाड वर वर जातं, आणि लागतं तेही बुलबुलांच्या वाट्याला. आता छाट, हात आखडू नकोस. छातीच्या उंचीवर चार-पाच जाड फांद्या राख, बाकी उतरव. उरलेली पानंही ओरबाडून टाक. शेजारी हळहळतील, हळहळू देत! जालना-बीडकडचे रेशीमवाले पाल्यासाठी हीच तुती वर्षातून चार-पाचदा कापतात, तरी बाग १२-१५ वर्षं टिकते. तुझ्या एका छाटणीनं काही मरत नाही ती.

त्यानंतर पाणी दे, बुंध्याशी शेणखत घाल. पंधरवड्यात डोळे फुटतील. कोवळ्या पानाच्या बेचक्यात हिरवं, पांढऱ्या तंतूंचं काहीतरी दिसेल, अगदी सुरवंटाच्या पिल्लासारखं. वहिनी कीड समजून खुडतील, त्यांना आधीच सांग. तेच फळ. त्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक वेगळं फूल असतं. लाल झाल्यावर तोडायची घाई करू नकोस, आंबटढाण लागतं. काळंभोर होऊन नुसत्या बोटाच्या धक्क्यानं तळहातावर आलं की खा. घरी न्यायच्या भानगडीत पडू नकोस, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. बाजारात तुती फारशी दिसत नाही ती त्यामुळेच. आणि खाली गाडी लावू नकोस, डाग जाता जात नाहीत.

शेंडे आकसून पानांचा गोळा झाला तर तो पिठ्या ढेकूण. तेवढा शेंडा कापून जाळ, बाकी झाडावर निंबोळी तेल मार.

एक शंका आहे. झाड बियांपासून आलंय का? तुतीत नर झाडंही निघतात. त्यांना तुरे येतात, पिवळी धूळ उडते, फळ मात्र कधीच धरत नाही. या फुटीला नुसतेच तुरे आले तर खुशाल काढ. माझ्याकडच्या फळत्या झाडाची काडी देईन. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत गेले की लागलीच समज.

लिंबाचं रोप आणलंच असशील तर कुंपणाकडे लाव, तिथे ऊन भरपूर आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना