बसथांब्यावर वेळापत्रक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेट्रोच्या नव्या मार्गिकांविषयी आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळते. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाल्यापासून खारघर-तळोजा भागातील रहिवाशांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र ११ स्थानकांच्या या मार्गिकेच्या आवाक्यात नवी मुंबईचा थोडाच भाग येतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे आणि पुढे उरणपर्यंतचे रोजचे जाणे-येणे आजही लोकल, नवी मुंबईची एनएमएमटी, मुंबईची बेस्ट व ठाण्याची टीएमटी यांच्या बस, शेअर रिक्षा आणि उरणजवळच्या मोरा बंदरातून सुटणारी प्रवासी लाँच यांच्याच भरवशावर चालते. बस वाढवायला हव्यात हे खरेच. पण ज्या आहेत त्या कोठून, किती वाजता सुटतात आणि कोणत्या रस्त्याने जातात, हे अनेक थांब्यांवर कुठेही लिहिलेले नसते, याचा त्रास मला अधिक गंभीर वाटतो.

ठाणे-बेलापूर रस्त्याचेच पाहा. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही ट्रान्स हार्बर लोकल मार्गावरची स्थानके या रस्त्यालगत ओळीने आहेत, तर महापे, पावणे येथील कारखाने व कंपन्या रस्त्यापलीकडे, डोंगराच्या बाजूला पसरलेल्या आहेत. लोकलमधून उतरलेल्या कामगाराला पाच मिनिटांत बस आहे की अर्ध्या तासाने, हे ठाऊक नसल्यामुळे तो समोर दिसेल त्या शेअर रिक्षात बसतो. मग प्रवासी नाहीत म्हणून बसची फेरी कमी होते, आणि फेरी कमी झाली की उरलेले प्रवासीही रिक्षाकडे वळतात.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर लोकल, मेट्रो आणि पालिकांच्या बस धरून ११ सेवांचे तिकीट काढता येते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही पहाटे एपीएमसी बाजारात पोहोचणारे माथाडी, चार घरची कामे करणाऱ्या महिला आणि रुग्णालयात जाणारे ज्येष्ठ नागरिक यांच्यापैकी कितीजण थांब्यावर उभे राहून ॲप उघडतील? त्यांच्यासाठी मार्ग क्रमांक, मधले मुख्य थांबे, पहिल्या व शेवटच्या बसची वेळ आणि दोन बसमधील वेळेचे अंतर मराठीत ठळक छापलेला साधा पत्र्याचा फलकच हवा. त्याला मोठा खर्च नाही आणि विजेचीही गरज नाही. वेळ बदलली की नवा कागद चिकटवण्याची जबाबदारी मात्र त्या-त्या आगारावर नेमून द्यायला हवी, नाहीतर जुन्या वेळा तशाच राहतील आणि फलकावर कोणाचा विश्वास उरणार नाही.

उरणची गोष्ट थोडी निराळी आहे. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागली असली, तरी दक्षिण मुंबईत कामाला जाणाऱ्या अनेकांना मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच अजूनही सोयीची वाटते. मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी ही सेवा काही तास बंद ठेवावी लागते. भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून येतात. तेव्हा लाँच कोणत्या दिवशी किती वाजता बंद राहील, हे महिनाभर आधी दोन्ही धक्क्यांवर आणि उरण स्थानकात लावणे सहज शक्य आहे. धक्क्यावर पोहोचल्यानंतर परत फिरावे लागले, तर त्या माणसाचा अर्धा दिवस बुडतो.

रात्रीच्या प्रवाशांचाही विचार व्हावा. ठाण्याहून येणारी शेवटची लोकल स्थानकात लागण्याआधीच थांब्यावरून शेवटची बस निघून गेली, तर त्या बसचा उपयोग काय? रेल्वे आणि परिवहन उपक्रमांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून निदान रात्रीच्या वेळा जुळवाव्यात. फलकांची सुरुवात वाशी, कोपरखैरणे आणि बेलापूर स्थानकांबाहेरील थांब्यांपासून करावी, आणि हा विषय आपल्या दैनिकाने संबंधितांपुढे लावून धरावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई