पम्या, तुझी ती धडधाकट माणसं

डोंबिवली, रविवार दुपार

प्रिय पम्या,

परवा तू फोन ठेवलास पण ते तुझं बोलणं काही डोक्यातून जाईना. "पूर्वीची माणसं बघ, नाचणीची भाकरी खाऊन नव्वद नव्वद वर्षं जगली, ना टोचणी ना गोळ्या", आणि वर उदाहरण दिलंस ते माझ्याच आजीचं! तेही नातवाच्या डोसाची तारीख चुकवल्यावर. वहिनीने मागून काय सुनावलं ते मला नीट ऐकू आलं बरं का. फोनवर तुझ्याशी वाद घालून उपयोग नाही, तू मधेच तोंड घालतोस, म्हणून हे पत्र लिहितोय. इथे तुला मधे बोलता येणार नाही.

तर आजी. तू तिला पाहिलंस ती लालबागच्या आपल्या चाळीत, जिन्याच्या तोंडाशी बसून तांदूळ निवडणारी, सगळ्या मजल्याला दम देणारी, शेवटपर्यंत दात शाबूत असलेली. बरोबर. पण ती जन्मली मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या सालात, 1918 ला, आणि तिच्या आईला नऊ पोरं झाली, त्यातली राहिली तीन. सहा गेली. आजीला त्यातल्या दोघांची नावं आठवायची, बाकीच्यांना नाव ठेवण्याआधीच निरोप. तू जी धडधाकट माणसं म्हणतोस ना ती त्या तिघांतली आहेत रे. जी सहा गेली ती कुठल्या जिन्यावर बसून तुला दिसणार?

रिटायर झाल्यापासून मी जुन्या गिरणगावाबद्दल मिळेल ते वाचत बसतो, बायको म्हणते वेड लागलंय, असेल. पण आपण जिथे गोट्या खेळलो त्या परळ-लालबागची शंभर वर्षांपूर्वीची अवस्था वाचली की आपल्या खोलीबद्दल आपण कुरकुर करायचो त्याची लाज वाटते. 1911 च्या खानेसुमारीत मुंबईची 69 टक्के माणसं एका खोलीत राहत होती आणि खोलीमागे सरासरी साडेचार डोकी. तू म्हणशील आपण सात होतो. होतो, पण ही सरासरी आहे, गिरणगावातला आकडा वेगळा. सरकारने 1921 च्या सुमारास गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला एक बाई डॉक्टर नेमली होती, डॉ. बार्न्स, तिने एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर 15 फूट बाय 12 फुटाची एक खोली बघितली, तिथे सहा कुटुंबं, लहानमोठी मिळून 30 माणसं. तिला आधी खरं वाटेना, मग जमिनीवर सहा चुली मोजल्या. सहा चुली पम्या! त्यांचा धूर जाणार कुठे, खिडकी उघडली तर खाली घरगल्ली, दोन चाळींमधली ती अरुंद फट. घरगल्ली म्हटलं की तुझ्या नाकाला आठवण येईलच, आपल्या वेळी निदान पाइप होते, तेव्हा टोपलीचे संडास, पाटी उचलायला हलालखोर आला तर आला, आणि मोऱ्यांचं सगळं पाणी त्याच फटीत.

अशा जागेत प्लेग आला तर काय होणार.

आला तो आधी मांडवीला, सप्टेंबर 1896 मध्ये. तिथे धान्याची गोदामं, म्हणजे उंदरांचं माहेरघर. तो ओळखला डॉ. व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे, हडफड्याचे, धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आपण शेकडो वेळा त्याच्या समोरून मॅटिनीला गेलो पण हा कोण बाबा असं कधी विचारलं नाही. गाठीचा ताप म्हणायचे लोक. पुढच्या चार-सहा महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गावाला पळाली, बोटी भरभरून कोकणात, आणि अर्थातच रोग पण सोबत गेला. 1891 ला शहरात 8 लाख 21 हजार माणसं होती ती 1901 ला 7 लाख 76 हजार भरली. गिरण्या चालू ठेवायला माणूस मिळेना.

आता इथे तुझ्या बाजूचं एक बोलतो, नाहीतर म्हणशील मी एकतर्फी बोलतोय. सरकारने जे केलं ते भयंकर होतं. 1897 चा साथरोग कायदा आला, त्याच्या जोरावर घरात घुसायचं, सामान रस्त्यावर, कौलं काढायची म्हणजे ऊन आत येईल, भिंतींना चुना, फिनेल, आणि भिंतीवर यूएचएच असं रंगवून जायचं, म्हणजे माणसाने राहण्यास नालायक. आजारी माणसाला उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात. लोकांत बोलवा काय, तर राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलंय आणि तिचा राग शांत करायला माणसांची काळजं काढून विलायतेला पाठवतात. कायदा यायच्या आधीच, 29 ऑक्टोबर 1896 ला, हजारभर गिरणी कामगार त्या आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. वाचताना आधी हसलो मी, मग विचार केला, आपल्यातला जो जो आत गेला तो परत येत नाही, कुणी धड सांगत नाही, शिपाई येतो, भाषा कळत नाही, तर मी काय समजलो असतो? 2020 ला मुंबईत कोरोनाचे पहिले पेशंट ठेवले ते पण त्याच जागी, कस्तुरबामध्ये, आणि तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला काय काय फॉरवर्ड केलं होतंस ते आठव. त्यामानाने काळीज विलायतेला पाठवणं परवडलं.

आणि टोचणी. शास्त्रज्ञ हाफकिन साहेब आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यात बसून तीनेक महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, अर्थात कैद्यांनी राजीखुशी म्हणजे किती राजीखुशी हा प्रश्न आहेच. ती लस काही जादू नव्हती, ताप सणकून यायचा, हात सुजायचा, रोजंदारी बुडायची. म्हणून लोक टाळायचे, अडाणी होते म्हणून नाही. नंतर त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, आपण ज्याला हाफकिन म्हणतो ते. तो बंगला रिकामा का होता माहितीये? 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको पटकीने गेली, मग लवकरच लाटसाहेबांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. गव्हर्नरला परळ मानवलं नाही, गिरणीवाल्यांना मानवून घ्यावं लागलं.

तिथेच पुढे लिस्टन वगैरे डॉक्टरांनी सिद्ध केलं की खरा भानगडखोर उंदरावरची पिसू. चाळीच्या खोल्यांत गिनी पिग सोडायचे, म्हणजे पिसवा त्यांच्यावर चढतात आणि मग मोजायच्या. म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या पेट्या-पथाऱ्या जाळल्या आणि पिसू खुशाल उंदराच्या अंगावर बसून शेजारच्या चाळीत गेली. महापालिकेचे रात्री काठी घेऊन उंदीर मारणारे लोक अजून आहेत बघ, ती नोकरी असल्या दिवसांची आठवण आहे.

सरकारने दुसरी युक्ती काढली ती म्हणजे 1898 चा बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी. दाट वस्ती पाडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचा वारा आत येऊ द्या. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या कॉलन्या सगळं त्यातलंच, रस्ते चांगले झाले नाही कोण म्हणतो. पण ज्यांची खोली पाडली ते वाऱ्याबरोबर उडून थोडेच गेले, ते शेजारच्या वाडीत शिरले, चारच्या जागी आठ. ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या पण पाडलं भराभर, बांधलं सावकाश. तुझ्या-माझ्या डोळ्यांदेखत रिडेव्हलपमेंटमध्ये जे झालं तेच. जाऊ दे, त्यावर बोलायला लागलो तर हे पत्र संपायचं नाही.

मानमोडी. जून 1918 मध्ये गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात गेले, तिथून सुरुवात. पहिली फेरी सौम्य होती, सप्टेंबरात दुसरी आली ती माणसं खायलाच. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं गेली. पाऊस नाही, धान्य महाग, अंगावर कापड नाही, कापड विणणाऱ्यांच्याच अंगावर नाही. आणि ताप काही जात बघून येत नाही म्हणतात ना, तर ऐक, त्या साथीत शहरातल्या गोऱ्यांमध्ये हजारी 8 मेले, पारश्यांमध्ये 9, आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणून गावाच्या आणि चाळीच्याही कडेला ठेवलं होतं त्यांच्यात हजारी 61. जंतू तोच. खोली, अन्न आणि दवाखान्याचं अंतर वेगळं. आजी त्याच सालात जन्माला येऊन राहिली, म्हणून तर तिची आई तिला "उरलेली" म्हणायची.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. पोरं.

1921 साली मुंबईत नोंद झालेल्या दर हजार जन्मांमागे 666 बाळं वर्षाच्या आत गेली. एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये 828. मी आकडा वाचून पुस्तक मिटवलं होतं. यात एक गोम आहे, ती सांगायला हवी, नाहीतर तू पकडशील. आपल्याकडच्या बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म लागायचा रत्नागिरीच्या नाहीतर साताऱ्याच्या खात्यात, मग तान्हं घेऊन बाई परत गिरणीत, आणि मरण लागायचं मुंबईच्या खात्यात. त्यामुळे आकडा फुगलेला आहे. पण त्यातलं फुगलेलं काढून टाकलं तरी उरतं ते काय कमी आहे? आणि त्यातून उलटंच कळतं, की ते बाळ गावाहून जिवंत आलं होतं.

माझी पणजी गिरणीच्या वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बायकांना कायद्याने दिवसाला 11 तास. भोंगा झाला की दार बंद, उशीर झाला तर खाडा. दोन महिन्यांचं पोर कुठे ठेवणार? शेजारणीला पण गिरणी आहे. मग बाळगोळी. तुला बाळगुटी वाटेल, ती नव्हे, जायफळ-वेखंड उगाळून देतात ती वेगळी. बाळगोळीत अफू असायची. एक गोळी दिली की पोर गप्प, भोंग्यापर्यंत. डॉ. बार्न्सबाईंना असं आढळलं की कामावर जाणाऱ्या शंभर बायांमागे 98 जणी पोरांना अफू देतात. गुंगीतलं पोर पीत नाही, पीत नाही म्हणून वाळतं, वाळलेल्या पोराला पहिली हगवण किंवा पहिला खोकला पुरतो. सगळ्यांनी अहवालात लिहिलं की आया अज्ञानी आहेत. अज्ञान कसलं डोंबलाचं! तिला चांगलं माहीत होतं ती काय देतेय. घरी बसली तर हप्ता बुडतो, सावकार दारात, बाकीची पोरं उपाशी. 98 बायका एकदम मूर्ख नसतात, त्यांना दुसरा रस्ता नसतो. एखाद्या गिरणीने पाळणाघर काढलं तरी आया पोरं ठेवायला बिचकायच्या, पण निदान मधल्या सुट्टीत जाऊन पाजता तरी आलं असतं. पणजीच्या गिरणीत तेही नव्हतं.

आणि हे फक्त वायंडिंगवालीच्या घरात नव्हतं. परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेब राहायचे, अमेरिकेची आणि विलायतेची डिग्री घेऊन आलेला माणूस, त्यांची पण पाच मुलांतली चार गेली, राहिले ते एकटे यशवंतराव. राजरत्न गेला 1926 ला. त्याच साली परळला केईएम सुरू झालं, वाडियांचं बाळंतपणाचं हॉस्पिटलही त्याच साली, मुलांचं 1929 ला. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा पण 1929 चा. म्हणजे आजी अकरा वर्षांची होती तेव्हा. तिच्या सहा भावंडांना त्याचा काय उपयोग.

मी एकदा, तेव्हा मी दहावीत असेन, आजीला विचारलं होतं की तुझ्या आईने तुला पण दिली का गं ती गोळी. ती तांदळातले खडे काढत होती, मान वर न करता म्हणाली, "दिली असंल की. मी रडकी होते म्हणायची. माझ्या पाठच्याला पण दिली, तो शाणा होता, रडायचाच नाही, तरी दिली." एवढंच बोलली. पाठचा म्हणजे सहातला एक.

गणपतीला येतोय कुडाळला, तिकीट दोन महिने आधी काढलंय, या वेळी कन्फर्म आहे. तुमच्या उपकेंद्रात डोस बुधवारी देतात असं वहिनी म्हणत होती. येत्या बुधवारी पोराला घेऊन तू स्वतः जा, वहिनीला पाठवू नकोस, आणि घरी आलास की मला फोन कर. ताप आला तर येईल एक दिवस, त्याला कुठे भोंग्याला जायचंय.

आईला नमस्कार, तिच्या गुडघ्यांसाठी तेल घेऊन येतो सोबत.

तुझा,
सद्या