बाळ आलं की बाईची केबिन का जाते?

महोदय,
१९८७ चा 'बेबी बूम' हा हॉलिवूडचा सिनेमा परत बघितला आणि खरं सांगते, हसता हसता रागच आला. डायन कीटन न्यूयॉर्कमधली एवढी हुशार ऑफिसर, दूरच्या नातेवाइकाचं बाळ अचानक पदरात पडतं, क्लायंटसोबत जेवण म्हणून बिचारी ते हॉटेलात कोट ठेवायच्या काउंटरवर सोपवते, आणि तेवढ्यात हाताखालचा जेम्स स्पेडर तिचं मोठं काम पटकावतो! पुढे व्हरमॉन्टला सफरचंदाचं बेबी फूड, जनावरांच्या डॉक्टरशी प्रेम, सगळं गोड आहे, पण मुळात तिलाच का बाजूला सारायचं? अमेरिकेत बाळासाठी रजेचा देशव्यापी कायदा थेट १९९३ ला आला, तोही १२ आठवडे, बिनपगारी. यावर नवीन रोमँटिक कॉमेडी कुणीतरी काढाच, आणि त्यात रजा बाबाने घेतलेली दाखवा.
- एक वाचक