मिड सफोकच्या निकालाबद्दल

मा. संपादक,

इंग्लंडमधली निवडणूक म्हटलं की आपल्या पेपरात पंतप्रधान कोण एवढंच येतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. मे २०२३ मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या मिड सफोक जिल्हा कौन्सिलमध्ये (आपल्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था) पर्यावरणवादी ग्रीन पार्टीने ३४ पैकी २४ जागा घेतल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह ६ वर आले नि लिबरल डेमोक्रॅट ४, आणि ब्रिटनमध्ये ग्रीनला एकहाती बहुमत मिळालेलं हे पहिलंच कौन्सिल. बरं हा काही कॉलेजच्या पोरांचा शहरी भाग नाही हो, स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट अशी छोटी गावं, बाकी शेतीच. २०१९ लाच त्यांच्या १२ जागा होत्या, म्हणजे एका रात्रीत आलेली लाट नाही ही. जिल्हा कौन्सिलकडे कचरा, बांधकाम परवानग्या, कौन्सिलची घरं. रस्ते नि शाळा वरच्या काउंटी कौन्सिलकडे. पण लोकांना रोज टोचतं ते कचरा, परवानग्या, घरं हेच ना!

आणखी एक, तिकडे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही, भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) असल्यामुळे, मत देता येतं, माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं, खूप वाईट वाटलं. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी फोनवर विचाराच, नाव नोंदवलंस का, आणि २०२३ पासून केंद्रावर मत देताना फोटो ओळखपत्र लागतं हेही सांगा.

- एक नियमित वाचक